सॉफ्टवेअर बनवून घ्यायचं की तयार घ्यायचं?



मागच्या महिन्यात आपल्या एका मसाला गटाच्या बैठकीला बसले होते. कांडप छान चाललंय, पण विक्री वाढली तशी वहीतली उधारी सापडेना. कोणत्या दुकानदाराकडे किती बाकी, यावरून दोघींची चांगलीच जुंपली. तेवढ्यात तालुक्याच्या ओळखीतल्या एका मुलाचा निरोप आला, "६० हजारांत खास तुमच्या गटासाठी सॉफ्टवेअर बनवून देतो." खरं सांगते, आधी मीच मान डोलावली. गटाचं नाव, सगळं मराठीत, भारीच वाटलं! कोषाध्यक्ष ताईंनी मात्र विचारलं, "आणि तो उद्या नोकरीला पुण्याला गेला तर?"

मग फळ्यावर हिशोब मांडला. सगळा खर्च जाऊन गटाला महिन्याला १२ हजार उरतात. म्हणजे ६० हजार ही पाच महिन्यांची कमाई. वर दरवर्षी दुरुस्तीचे पैसे वेगळे, ते त्याने सांगितलेच नव्हते.

आता तुम्हीच बघा. ब्लाऊज आपण शिवून घेतो, कारण प्रत्येकीचं माप वेगळं. चप्पल मात्र कोणी बनवून घेत नाही, नंबर बघून आणतो. बिल करणं, उधारी लिहिणं, किती मिरची आली आणि किती पावडर गेली हे बघणं, ही कामं चपलेसारखी आहेत. किराणा दुकानाला जे लागतं तेच आपल्याला लागतं. ते तयार मिळतं, काही अ‍ॅप सुरुवातीला फुकटही वापरता येतात.

आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. फक्त माल विकणाऱ्या आणि राज्यातच विकणाऱ्या आपल्यासारख्यांना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी लागते, त्यामुळे या गटाला आज त्याची झळ नाही. पण पुढे नोंदणी झाली आणि असा बदल आला, तर तयार सॉफ्टवेअरवाली कंपनी तो आपल्या हजारो गिऱ्हाईकांसाठी एकदाच करते. स्वतःचं बनवून घेतलं असेल तर त्या मुलाला फोन लावत बसायचं, आणि पैसेही एकट्या गटाने द्यायचे.

मग बनवून घेणं चुकीचंच का? तसं नाही. या गटात बायका घरून मिरची निवडून आणतात, किलोवर मजुरी मिळते आणि त्यातून कर्जाचा हप्ता वळता होतो. हे तयार अ‍ॅपमध्ये बसेना. हे आपलं ब्लाऊज! पण त्यालाही ६० हजार कशाला? एका ताईंच्या बारावीतल्या मुलीने एक्सेलमध्ये तक्ता करून दिला, सध्या त्यावर भागतंय. गटांची संख्या वाढली आणि सगळ्यांची मजुरीची पद्धत एकच असली, तर प्रभागसंघाने मिळून तेवढाच भाग बनवून घ्यावा. तेव्हाही मूळ कोड आणि माहिती संघाच्या मालकीची राहील, हे आधी कागदावर लिहून सही घ्या.

तयार घेतानाही डोळे झाकून घेऊ नका. नेट नसताना चालतं का? पहिलं वर्ष संपल्यावर किती पैसे? आपली माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का? आणि खातं कोणाच्या मोबाईल नंबरवर उघडलंय? हे शेवटचं मी ठेच लागून शिकले. एका गटाचं खातं सचिव ताईंच्या मुलाच्या नंबरवर होतं, त्याने सिम बदललं आणि आठ महिन्यांची उधारी अडकली. दुकानदारांच्या दारोदार फिरून ती परत लिहून काढावी लागली.

बचत-कर्जाच्या नोंदी सीआरपी ताई लोकॉसवर भरतात, त्यात व्यवसायाचा हिशोब मिसळू नका.

मसाला गटाने ठराव केलाय. तीन महिने तयार अ‍ॅप वापरायचं आणि वहीसुद्धा चालू ठेवायची. गटासाठी वेगळं सिम घेतलंय, पासवर्ड दोघींना माहीत आहे आणि तिसरी प्रत लिफाफ्यात घालून गटाच्या पेटीत ठेवली आहे.