पेन ड्राइव्हची पारख

लातूर जिल्ह्यातील शाळांना व ग्रामपंचायतींना चित्रफिती, अभिलेख साठविण्यासाठी मोठ्या क्षमतेचे पेन ड्राइव्ह घ्यावे लागतात. वेष्टनावर ठळकपणे छापलेला वेग बहुधा वाचनाचा असतो; लेखनाचा वेग त्याहून पुष्कळ कमी असू शकतो, आणि कामाचा खोळंबा होतो तो लेखनातच. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा सेकंदास ४८० मेगाबिट, ३.० ची ५ गिगाबिट. मात्र संगणकाचे पोर्टही ३.० चे हवे. ते बहुधा आतून निळे असते. अतिस्वस्त '२ टीबी'च्या मोहात पडू नये. नकली पेन ड्राइव्ह मोठी क्षमता दाखवितो, पण खऱ्या मर्यादेपुढे साठविलेला मजकूर नाहीसा होतो. म्हणून माल स्वीकारण्यापूर्वी तो पूर्ण भरून, प्रत्येक फाईल उघडून पाहावी. दुसरी प्रत अन्य इमारतीत ठेवावी; ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या जिल्ह्यास याचे कारण सांगावयास नको.