वजनाला घाबरू नका

पिस्तूल शिकायला आलेल्या बायका, दहावीतली मुलं, साठी ओलांडलेली माणसं, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: झटका किती बसेल? माझ्या उजव्या मनगटात जुन्या फ्रॅक्चरची प्लेट आहे, त्यामुळे हा प्रश्न मी स्वतःच्या हाडांना विचारत आलेय. शिरवळला राहून बालेवाडीच्या रेंजवर जाता-येता, आणि आता गावातल्या मुलींना शिकवताना जे पक्कं झालं ते लिहितेय.

१. हलकं हत्यार हे सोपं हत्यार नव्हे.

यावर मी सगळ्यांशी भांडते. दुकानात छोटं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की बरं वाटतं, म्हणून माणसं तेच पसंत करतात. पण गोळी जेवढ्या जोराने पुढे जाते, तेवढ्याच जोराने हत्यार मागे रेटलं जातं, आणि तो रेटा आधी हत्याराचं वजन झेलतं, मग आपलं मनगट. गोळी तीच ठेवून हत्याराचं वजन निम्मं केलं, तर ते दुप्पट वेगाने मागे येतं आणि मनगटात उतरणारी ऊर्जाही दुप्पट होते.

२०१४च्या जानेवारीत कानपूरच्या आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, साधारण ५०० ग्रॅमचं, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. गोळी मात्र पॉइंट थ्री-टूचीच, सहा ग्रॅमहून थोडी जास्त वजनाची. त्याच निर्माणीचं जुनं पॉइंट थ्री-टू रिव्हॉल्व्हर सुमारे ७०० ग्रॅमचं आहे. म्हणजे ज्या हाताला झटका कमी हवा, त्याच हाताला तो जास्त मिळणार. पर्समध्ये मावावं हा विचार मला समजतो. पण नाजूक मनगटाच्या बाईने ‘बायकांसाठी’ एवढा शब्द ऐकून हत्यार घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगते.

वजन पेलायला हात शिकतो. एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली हात सरळ करून रोज थोडा वेळ धरायची, खांदा हळूहळू तयार होतो. झटका सोसायला मात्र दुखरा सांधा कधीच शिकत नाही.

२. सुरुवात एअर पिस्तूलनेच करा.

छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा आणि पिस्तूल साधारण एक किलोचं. झटका जवळजवळ नाहीच. स्पर्धेत १० मीटरवर ७५ मिनिटांत ६० छर्रे मारायचे असतात, त्यामुळे श्वास, नजर आणि बोट यांच्याकडे लक्ष द्यायला सवड मिळते. पॉइंट वन-सेव्हन-सेव्हनच्या, २० जूलपर्यंतच्या एअर पिस्तूलला परवाना लागत नाही. शिरवळमध्ये रिकामी शेड किंवा लांब पडवी मिळणं अवघड नाही. मागे छर्रे अडवणारी पक्की पेटी हवी आणि लेनमध्ये दुसरं कोणी येता कामा नये.

३. पुढची पायरी पॉइंट टू-टू स्पोर्ट पिस्तूल.

मोठ्या बोअरकडे जायची घाई कशाला? टू-टूची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, आणि सामन्याचं पिस्तूल एक किलोच्या वर. नियमाने १४०० ग्रॅमपर्यंत चालतं. माझ्या हिशेबाने जादाचा पाव किलो पेलण्याची धडपड परवडते, पण त्याच्या बदल्यात मिळणारी शांतता कुठेच विकत मिळत नाही. या पिस्तुलांची नळीही मुठीच्या जवळ, खाली बसवलेली असते. नळी मुठीपासून जितकी उंच, तितकं टोक वर उसळतं. खाली असली की झटका सरळ दंडातून खांद्यात जातो. पार्डिनी, वॉल्थर अशी पिस्तुलं हातात घ्याल तेव्हा आधी हेच बघा.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने याच टू-टूवर २०१३मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण जिंकलं आणि २०१८मध्ये आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. एवढ्या उंचीवर पोचायला मोठा बोअर लागला नाही. हे मी मुलींच्या आयांना आवर्जून सांगते.

४. अर्धा झटका कानात असतो.

एक मुलगी आली होती, कॉलेजातली. एअर पिस्तूलवर छान, टू-टूवर सगळ्या गोळ्या सहाच्या खाली, डावीकडे. म्हणाली, “काकू, हात दुखतो झटक्याने.” प्रशिक्षकांनी तिच्या नकळत पाच गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये एक डमी घातली. पहिल्या दोन सुटल्या. तिसऱ्या वेळी ट्रिगर दाबला, गोळी सुटली नाही, पण पिस्तुलाचं टोक तिने स्वतःच खाली आपटलं. तिने ते पाहिलं आणि गप्प झाली. येणाऱ्या धडाक्याला तिचा हात आधीच उत्तर देत होता. कानात फोमचे बोळे, वर इअरमफ, असं दुहेरी संरक्षण दिलं आणि रोजची अर्धी तालीम ड्राय फायरची, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर दाबण्याची, ठेवली. हाताचं दुखणं पुन्हा तिने काढलं नाही. तक्रार झटक्याची असली, तरी आधी कान झाका.

५. मूठ मापाची करून घ्या.

लाकडी ग्रिप विकत आणली की ती आपली होत नाही. अंगठ्याच्या बुंध्याशी पोकळी राहिली, तर प्रत्येक गोळीला पिस्तूल त्या पोकळीत सरकतं आणि मनगटाला पीळ बसतो. कानशीने घासायचं, जिथे कमी पडेल तिथे लाकडाची पुटी भरायची, वाळली की पुन्हा धरून बघायचं. मला या कामात दिवस घालवणं आवडतं.

६. ट्रिगर.

स्पर्धेच्या एअर पिस्तूलचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा, टू-टूचा १००० ग्रॅमचा. रिव्हॉल्व्हर घोडा न ओढता थेट चालवलं, तर बोटाला चार-पाच किलो ओढावे लागतात. त्या ताणाने सगळी मूठ आवळते आणि झटका बसण्याआधीच मनगट थकतं. संधिवाताच्या बोटांनी यातून दूरच राहावं.

७. कागदपत्रं आधी, पसंती नंतर.

शिरवळ सातारा जिल्ह्यात, त्यामुळे टू-टूच्या परवान्याचा अर्ज साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. सारोळ्याचा पूल ओलांडून पुण्यात चौकशी करण्यात वेळ घालवू नका. शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागतं. तोवर क्लबच्या पिस्तुलावर, प्रशिक्षकांच्या नजरेखाली शिका. निरनिराळी हत्यारं हाताळायला मिळतात, आणि आपल्या मनगटाला कोणतं मानवतं ते पैसे न घालवता कळतं.

८. दुखायच्या आधी थांबा.

टू-टूच्या तीस गोळ्या झाल्या की मी एअर पिस्तूल घेते, मन भरलेलं नसलं तरी. राहीसारख्या खेळाडूलाही कोपराच्या दुखापतीने बराच काळ बाहेर बसवलं होतं; आपल्यासारख्यांनी कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका सुरू झाला की त्या दिवसापुरती पेटी बंद करावी आणि पुढच्या वेळी दहा गोळ्या कमी मारून बघावं.