पिकअपची डागडुजी: पत्रा, गंज आणि रंग

पिकअपला लागणारा मार दोन तऱ्हेचा असतो. एक धडकेचा: मडगार्ड चेपते, फाळका वाकतो, बंपर आत जातो. दुसरा कुजण्याचा: हौद्याचा तळ, दारांच्या खालच्या कडा आणि कॅबिनमध्ये पायाखालचा पत्रा गंजून त्यांना भोके पडतात. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात दुसरा प्रकार जास्त महाग पडतो आणि उशिरा लक्षात येतो. चेपलेले मडगार्ड रोज डोळ्यांपुढे असते, म्हणून मालक ते आधी सरळ करून घेतो. हौद्याखालचा गंज मात्र रंगाच्या आड वाढत राहतो. घरी केलेले काम वर्षाच्या आत उखडते, तेव्हा दोष रंगाच्या डब्याला दिला जातो. खरा दोष बहुधा रंगाखाली तसाच सोडलेल्या गंजाचा असतो.

हे काम घरी करण्याची हिंमत या भागात सहज होते, आणि ते साहजिकही आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना कुंडलजवळच्या माळरानावर आला, तेव्हापासून लोखंडकाम इथल्या हातांच्या ओळखीचे आहे. द्राक्षमांडवाचे अँगल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गोठ्याचे गेट वस्तीवरच जोडले जातात, आणि वेल्डिंग मशीन मागायला शेजारच्या वस्तीपलीकडे जावे लागत नाही. अडचण नेमकी इथेच सुरू होते. मांडवाचा अँगल चांगला जाड असतो, तर कॅबिनचा पत्रा पाऊण ते एक मिलिमीटरचा. अँगलवर बसलेला हात त्याच करंटने या पत्र्याला टेकला की जोड बसण्याऐवजी भोक पडते.

हातोडी उचलण्याआधी कागदाचे काम उरकावे. गाडी धडकली असेल आणि विम्याचा दावा करायचा असेल, तर कंपनीला कळवून सर्व्हेअरने पाहीपर्यंत एकही नट सोडू नये. पत्रा ठोकून सरळ केल्यावर नुकसान सिद्ध कशाने करणार? गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो, त्यामुळे पांढऱ्याची निळी करायची असेल तर परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते. जास्त क्रेट बसावेत म्हणून दुरुस्तीच्या निमित्ताने हौद्याला अँगल जोडून उंची वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही. उच्च सुरक्षा नंबरप्लेटचे स्नॅप लॉक एकदा तोडले की पुन्हा बसत नाही, म्हणून प्लेट काढण्यापेक्षा कागद आणि टेप लावून झाकावी. चेसवर कोरलेल्या क्रमांकावर ग्राइंडर कदापि फिरवू नये. तिथली घाण तारेच्या हातब्रशने काढून वर पातळ ग्रीसचा हात द्यावा. अंक घासून गेले तर पुढच्या तपासणीत गाडी चोरीची नाही हे सांगत बसण्याची पाळी मालकावर येते.

त्यानंतर चेस. पिकअपची बॉडी चेसवर बोल्टने बसवलेली असते, त्यामुळे वरचा पत्रा सरळ केला तरी खालचा सांगाडा वाकडा राहू शकतो. सपाट फरशीवर गाडी उभी करून चेसच्या दोन्ही बाजूंच्या समोरासमोरील भोकांतून ओळंबा सोडावा, जमिनीवर खडूने खुणा कराव्यात आणि तिरके कर्ण टेपने मोजावेत. कर्णांत काही मिलिमीटरहून जास्त फरक आला, एका बाजूचे टायर कडेने झिजत असले किंवा दाराची फट वर बारीक आणि खाली रुंद दिसली, तर ते काम घरचे नाही. चेस गॅसने तापवून जॅकने सरळ करण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. तापवलेल्या जागी पोलादाची ताकद कमी होते आणि भरल्या गाडीखाली तडा जातो तो तिथेच.

हौद्याकडे सावकाश पाहावे लागते. पलूसच्या पिकअपमध्ये एकाच वर्षात द्राक्षांचे क्रेट, शेणखत, पोटॅश, युरिया, दुधाचे कॅन आणि फवारणीचे बॅरल जातात. यांतले पोटॅश, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, हे पोटॅशियम क्लोराइड असते. त्याची सांडलेली चिमूट हवेतला ओलावा धरून ठेवते आणि त्यातले क्लोराइड गंजाला वेग देते. बोर्डो मिश्रणासाठी नेलेला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, त्याहून वाईट. बोर्डो मिश्रण करणारा बागायतदार मिश्रणात लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून तो आणखी चुना टाकतो. हीच क्रिया हौद्याच्या तळावर घडते. सांडलेल्या मोरचुदातले तांबे लोखंडावर बसते आणि तेवढे लोखंड विरघळून जाते. पुढे ओल मिळाली की तांब्याच्या त्या ठिपक्यांभोवतीचे लोखंड आणखी झपाट्याने कुजते. मोरचुदाची पिशवी फुटलेल्या हौद्यात गंज सगळीकडे सारखा न पसरता ठिपक्याठिपक्यांनी खोल उतरलेला दिसतो, त्याचे कारण हे. अशा वेळी रबर मॅट काढून हौदा भरपूर पाण्याने धुवावा, वाळवावा आणि मगच स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तळ टोचून पाहावा. जिथे टोक आत जाते तिथला पत्रा संपला. तिथे रंगाचा काही उपयोग नाही.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ अशा कृष्णाकाठच्या गावांत पाणी शिरले. पुरात बुडालेल्या गाडीचे दुखणे निराळे. गाळ दारांच्या पोकळीत आणि हौद्याखालच्या बंद पट्ट्यांत जाऊन बसतो आणि बाहेरून गाडी धुतली तरी तो ओल धरून राहतो. पट्ट्यांच्या खालच्या बाजूची निचऱ्याची भोके तारेने मोकळी करून आत पाण्याचा फवारा मारावा, पडणारे पाणी स्वच्छ येईपर्यंत. गाडी जुनी घेताना ही भोके बंद आहेत का आणि आत गाळ आहे का, हे पाहिले तरी बरेच कळते.

कुजलेला पत्रा कापताना डाग दिसतो तेवढाच कापू नये. चमकता, निरोगी पत्रा लागेपर्यंत मागे यावे. कडेपर्यंत गंज ठेवून त्यावर तुकडा डकवणे म्हणजे फाटक्या धोतराला नवे ठिगळ, शिवण जुन्या कापडातूनच सुटते. बारीक पत्र्याला सीओटू वेल्डिंग वापरावे आणि सलग रेघ न ओढता अंतराअंतरावर टाके देत जावे, नाहीतर उष्णतेने पत्रा पापडासारखा उचलतो. हौद्याच्या तळाला २ ते ३ मिलिमीटरची चेकर्ड प्लेट चालते, तिथे साधे आर्क वेल्डिंगही निभावते. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडावी. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत इंजिनाचा आणि धुराचा कारभार इलेक्ट्रॉनिक नियंत्रकावर चालतो, म्हणून त्याचे प्लगही काढून ठेवावेत आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावावा. डिझेलची टाकी, तिच्या नळ्या आणि ब्रेकचे पाइप यांच्याजवळ ठिणगी जाणार असेल तर ते आधी काढावेत. रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना जास्त, धोक्याची असते, कारण आत इंधनाची वाफ उरते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करण्याआधी मुलामा घासून काढावा. त्याच्या पांढऱ्या धुराने रात्री ताप भरतो.

चेपलेल्या भागाचे डेंटिंग हे हाताच्या सवयीचे काम आहे, ते वाचून येत नाही. एवढे मात्र कोणालाही पाळता येते: आतून डॉली, म्हणजे टेकूचा लोखंडी ठोकळा, धरावी, वरून हलके ठोके द्यावेत, आणि खड्ड्याच्या मधोमध नव्हे तर कडेकडून आत यावे. जोरात ठोकलेला पत्रा ताणतो आणि मग कितीही बडवला तरी डबाडबा वाजत राहतो. उरलेला उंचसखलपणा पुट्टीने भरावा, पण पुट्टी ३ मिलिमीटरहून जाड होऊ देऊ नये. भोक बुजवण्यासाठी तर ती कधीच वापरू नये. पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासावी: आधी ८०, मग १८०, मग ३२० नंबरचा पेपर. उन्हाळ्यात हार्डनर नेहमीइतकाच घातला तरी ती फार लवकर आळते, तेव्हा एका वेळी थोडीच कालवावी. उघड्या लोखंडावर एपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी मारावा. रात्रभर उघडा ठेवलेला घासलेला पत्रा सकाळी पिवळसर दिसला, तर ते काम पुन्हा करावे लागते.

जुना रंग घासताना मुलांना आणि जनावरांना लांब ठेवावे. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून रंगातल्या शिशावर मर्यादा आली ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती, वाहनांच्या रंगांना ती लागू नाही. जुन्या पिवळ्या-लाल इनॅमलची धूळ गोठ्यातल्या वैरणीवर बसेल अशा जागी काम करू नये. जुना रंग कोणता आहे हेही इथेच कळते. थिनरमध्ये बुडवलेले फडके त्यावर थोडा वेळ दाबावे. रंग फडक्याला आला तर लॅकर, सुरकुतला तर इनॅमल, काहीच झाले नाही तर कारखान्यातला भट्टीचा रंग. इनॅमलवर लॅकर मारला तर खालचा थर फुगून उचलतो, आणि मग सगळे खरवडण्याखेरीज उपाय नसतो.

रंगाला हवा महत्त्वाची. पावसाळ्यात हवेतली ओल कॉम्प्रेसरच्या नळीतून रंगात उतरते. गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून आणि पेटवलेल्या पाचटातून काळी राख उडते व ओल्या पांढऱ्या रंगावर बसते. छाटणीनंतरचे दिवस फवारणीचे असतात. त्यातल्या त्यात हाती लागतो तो द्राक्षे आणि ऊस दोन्ही उरकल्यावरचा एप्रिल, आणि तोही सकाळी सात ते दहा. पुढे ऊन चढले की रंग पत्र्यावर पोचेपर्यंत थिनर उडून जातो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. दुपारनंतर वावटळ आणि वळवाचा पाऊस यांचा नेम नाही. आदल्या संध्याकाळी शेड झाडून अंगणात पाणी मारावे.

बागायतदाराच्या शेडमध्ये एक शत्रू मात्र डोळ्यांना दिसत नाही: फवारणीतल्या सिलिकॉनयुक्त स्प्रेडरचा अंश. तो हाताला, फडक्याला, पत्र्याला कुठेही लागलेला असतो आणि त्या जागी ओला रंग बाजूला सरून छोटे गोल खड्डे पडतात. डॅशबोर्ड चमकवण्याच्या पॉलिशनेही हेच होते. पत्रा आधी डिटर्जंटने धुवावा, मग डिग्रीझरने पुसावा, एका फडक्याने लावून दुसऱ्या कोरड्याने टिपत. औषधाचे कॅन त्या दिवशी शेडबाहेर.

शेवटचा हात कोणत्या रंगाचा, यावर मात्र एक रेघ ओढावी लागते. टिकाऊपणात दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग सरस आहे, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते श्वासात गेल्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला चिडू लागले की पुढे अगदी थोड्या अंशानेही धाप लागते. धोक्याइतके प्रमाण हवेत असूनही नाकाला ते कळत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. त्यासाठी बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो, तो वस्तीवर नसतो. म्हणून घासणे, वेल्डिंग, पुट्टी, प्रायमर घरी करून पीयूचा शेवटचा हात बूथ असलेल्या पेंटरकडे द्यावा, किंवा घरीच करायचे तर सिंथेटिक इनॅमलवर समाधान मानावे. मालवाहू गाडीला ते पुरते. इनॅमल मारतानाही सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज असलेला मास्क हवाच. थिनरची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचते, तेव्हा शेजारच्या चुलीचे आणि हीटरचे भान ठेवावे.

फवाऱ्याची बंदूक प्रायमरला १.६ ते १.८ आणि रंगाला १.३ ते १.४ मिलिमीटर नोझलची घ्यावी, पत्र्यापासून १५ ते २० सेंटिमीटरवर समांतर फिरवावी आणि प्रत्येक फेरा आधीच्या निम्म्यावर यावा. पंक्चरच्या दुकानातला छोटा कॉम्प्रेसर बोनेटच्या मध्यावर दाब सोडतो, त्यामुळे एकेक भाग वेगळा रंगवणेच बरे.

वाळलेल्या गाडीवर रिफ्लेक्टिव्ह टेप पुन्हा लावायची असते: पुढे पांढरी, मागे लाल, बाजूंना पिवळी. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस तपासणी असते, आणि तिथे ही टेप पाहतात. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्याची हौस २०१५ पासून महाराष्ट्रात बंद आहे. इनॅमल हाताला कोरडे लागले तरी आतून कडक व्हायला आठवडाभर तरी जातो, तोवर क्रेट भरू नयेत आणि प्रेशरने धुऊ नये. फाळक्याच्या कड्या आणि साखळ्या जिथे आपटतात तिथे रबराचे तुकडे चिकटवावेत. रंग पहिल्यांदा तिथूनच उडतो. टचअपसाठी उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात, वर रंगाचा कोड लिहून ठेवावा.