तंबोरा एका दुकानात बनत नाही

भाची: मावशी, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ही एवढीशी दुकानं पावणेदोनशे वर्षं टिकली कशी? त्यांतून एकही मोठा कारखाना उभा राहिलेला नाही.

मावशी: कारण तंबोरा एका दुकानात बनतच नाही. भोपळ्यापासून बघ. तो येतो सोलापूर जिल्ह्यातून, मंगळवेढा-पंढरपूर भागातल्या शेतकऱ्यांकडून. खायचा नव्हे, कडू भोपळा. वेलावर पुरता पिकू द्यायचा, मग कित्येक महिने वाळवायचा. याला भाजी मंडईत कोण विचारणार? वाद्यं करणारा कारागीर माल उचलेल, या भरवशावरच शेतकरी बी टोकतो. कारागिराशी लेखी करार नसतो, ओळख असते.

भाची: आणि पुढचं काम?

मावशी: लाकडाची दांडी, तबली, खुंट्या, नक्षी, लाखेचं पॉलिश. प्रत्येक कामात कुणाचा तरी हात बसलेला असतो. एकाकडे ऑर्डर जास्त झाली की काम भावाच्या, चुलत्याच्या दुकानात जातं. बायकांच्या तंबोऱ्याला लहान भोपळा लागतो, पुरुषांच्या तंबोऱ्याला मोठा. हवा तो आपल्याकडे नसेल तर शेजारच्याकडून आणायचा. सगळ्यात अवघड काम शेवटी येतं, जवारीचं.

भाची: घोडीवरचं?

मावशी: हो. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा अगदी हलक्या उताराने घासायचा, म्हणजे तार त्याला पुसटशी घासत राहते आणि स्वर भरून येतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची. इथे मोजपट्टी चालत नाही, कान लागतो. आणि कान तयार व्हायचा तर चांगले गाणारे आसपास असावे लागतात. मिरजेचं खरं भांडवल मी यालाच म्हणते.

भाची: गवई भांडवल कसे?

मावशी: तलवारींना धार लावणारे शिकलगार १८५०च्या सुमारास इथे वाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याला आश्रय होता. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांना स्वतःला वाद्यदुरुस्तीची, जवारीची उत्तम जाण होती. असा गवई समोर बसून ‘अजून खुलत नाही’ म्हणाला की कारागिराला पुन्हा घोडी घासावीच लागणार. १९३७ मध्ये ते गेले. त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि तिथे उरुसाला गायक हजेरी लावतात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी. पुणे, कोल्हापूर आणि हुबळी-धारवाड, तिन्हीकडच्या रेल्वेवाटा मिरजेला जोडलेल्या. शिष्य गुरूचं ऐकून त्याच गल्लीत तंबोरा घ्यायला येतो. या दुकानांना जाहिरातीवर फारसा खर्च का करावा लागला नाही, ते आता लक्षात येईल.

भाची: पण मला हे थोडं बंदिस्त वाटतं. कारागिरांच्या घराबाहेरच्या मुलाला जवारी कोण शिकवणार?

मावशी: तुझी शंका रास्त आहे, आणि मला तिचीच काळजी वाटते. नात्याच्या जोरावर उधारी मिळते, अडचणीत काम मिळतं, पण बाहेरच्याला दार सहज उघडत नाही. घरातली मुलं दुसऱ्या नोकरीकडे वळली की हुन्नर तिथेच थांबतं. मोबाइलवर तंबोरा वाजू लागल्यापासून रियाजाला खरा तंबोरा घेणारे कमी झाले, त्यामुळे मुलांना तरी काय सांगणार? २०२० मध्ये मैफली बंद पडल्या तेव्हा फटका गायकाला बसला, तसाच पॉलिशवाल्यालाही. फक्त त्याची बातमी झाली नाही.

भाची: मग मानांकनाचा उपयोग?

मावशी: नावाचा. दुसरीकडे बनलेलं वाद्य मिरजेचं म्हणून विकता येणार नाही, हे मोठं काम आहे. पण सरकार मदतीचा विचार करतं तेव्हा दुकानदार मोजतं. भोपळेवाला शेतकरी, घरी बसून नक्षी करणारा, उरुसाची मैफल, संगीत विद्यालय, हे त्याच धंद्याचे भाग आहेत आणि वेगवेगळ्या खात्यांच्या कागदांवर विखुरलेले आहेत. माझं मत विचारशील तर यंत्रांच्या आधी जवारी शिकणाऱ्या मुलांना विद्यावेतन द्यावं, आणि ती मुलं कुठल्याही घरची असावीत.

भाची: आणि आपण काय करायचं?

मावशी: आजीचा तंबोरा तुमच्याकडे कपाटावर गवसणीत पडून आहे ना? तो मिरजेला घेऊन ये, नव्या तारा चढव, जवारी काढून घे. कारागीर जी मजुरी सांगेल ती घासाघीस न करता दे.