पाण्याची पारख आणि सूक्ष्मतरंग

विहिरीचे पाणी नितळ दिसले व चवीला गोड लागले, म्हणजे ते निर्धोक असतेच असे नाही. शेतातील खतांतून झिरपणारे नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. भारतीय मानक १०५००:२०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. ते अधिक झाल्यास तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटू शकते. असे दोष जागच्या जागी कळावेत म्हणून सूक्ष्मतरंगांचा, म्हणजेच मायक्रोवेव्हचा, उपयोग करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

जलतरंगाच्या वाटीत पाणी वाढविले की तिचा स्वर खाली उतरतो. सूक्ष्मतरंग अनुनादकाचे काहीसे असेच आहे. धातूची पोकळ पेटी किंवा पट्टीवरील तांब्याचे कडे ठराविक वारंवारतेच्या तरंगांनाच जोरदार प्रतिसाद देते. त्याच्याजवळ पाणी आणताच ही वारंवारता उतरते. कारण हवेचा पराविद्युत् स्थिरांक जवळजवळ १, तर २० अंश सेल्सिअस तपमानाच्या पाण्याचा सुमारे ८० असतो. पाण्यात क्षार विरघळले की हा अंक किंचित घटतो, विद्युत्‌वाहकता वाढते आणि प्रतिसादाची धार बोथट होते. हे दोन्ही बदल मोजून विरघळलेल्या द्रव्यांचा अंदाज बांधला जातो.

या पद्धतीत रसायने लागत नाहीत. काचेच्या वा प्लास्टिकच्या नळीबाहेरूनही वाहत्या पाण्यावर सतत लक्ष ठेवता येते. इंग्लंडमधील लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठातील संशोधकांनी या दिशेने अभ्यास केला आहे.

तथापि मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. तपमान २५ अंशांवर गेले की शुद्ध पाण्याचा अंकही सुमारे ७८ वर येतो; म्हणून तपमानाची नोंद अनिवार्य ठरते. मीठ व नायट्रेट यांच्या खुणा परस्परांसारख्या असल्याने ज्ञात नमुन्यांशी तुलना करावी लागते. मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू मुळीच आढळता कामा नये. परंतु मोजके जंतू या उपकरणास जाणवत नाहीत.

सारांश, हे यंत्र पाणी बदलल्याची वर्दी देणारा पहारेकरी होय. दोष नेमका कोणता, याचा निवाडा प्रयोगशाळेनेच करावयाचा आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संच हाताळण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. ग्रामस्थांनी तिचा लाभ घ्यावा, आणि संशय येताच नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा.