रिबेका आणि लिकोरिशिया

मुलांनो, सर वॉल्टर स्कॉट यांची 'आयव्हॅन्हो' ही कादंबरी १८१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ११९४ सालचे इंग्लंड आहे. तिच्यातील रिबेका ही ज्यू मुलगी तुम्हांला नक्की आवडेल. तिला औषधोपचार येतात. जखमी आयव्हॅन्होला तीच बरे करते. पण याच विद्येमुळे लोक तिला चेटकीण ठरवतात. तिला जिवंत जाळायचे ठरते. आयव्हॅन्हो तिच्या बाजूने लढायला येतो, म्हणून ती वाचते. शेवटी ती वडिलांबरोबर ग्रानाडाला निघते. तुमच्या उर्दू पुस्तकांतले गरनाता ते हेच! तेथील राजाचे नाव स्कॉट बोअब्दिल असे देतात. तो तर जवळजवळ तीनशे वर्षांनंतरचा. कादंबरीत असे चालते.

कादंबरीत पैशांचे व्यवहार रिबेकाचे वडील पाहतात. खऱ्या इंग्लंडात मात्र ज्यू स्त्रियाही सावकारी करीत. विंचेस्टरची लिकोरिशिया त्यांपैकीच एक. १२४४ मध्ये तिचा नवरा वारला. तेव्हा राजा तिसरा हेन्री याने तिला लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत ठेवले. नवऱ्याच्या मालमत्तेबद्दल ५,००० मार्क द्यायचे ठरले, तेव्हा ती सुटली. त्यातला बराच पैसा वेस्टमिन्स्टर ॲबीच्या कामाला गेला. लिकोरिशियाने पुन्हा व्यवसाय उभा केला, मुलांना वाढवले. तिच्यासाठी कोणी वीर धावून आला नाही. १२७७ मध्ये राहत्या घरी तिचा आणि तिच्या मोलकरणीचा खून झाला. शिक्षा कोणालाच झाली नाही. १२९० मध्ये तर सगळ्याच ज्यूंना इंग्लंडबाहेर घालवले गेले.

२०२२ साली विंचेस्टरमध्ये तिचा पुतळा उभारला गेला. तिच्या एका हातात मुलाचा हात आहे, दुसऱ्या हातात राजाच्या कराचा कागद.