हजेरीच्या रकान्यांतील वेळ

आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील चाकणकडील एका कारखान्यांत विजेच्या कामावर आहेत. कांहीं वर्षांपूर्वीं २५ जानेवारीची मध्यरात्र उलटून गेल्यावर एक यंत्र बंद पडलें, म्हणून त्यांस घरून बोलावून नेण्यांत आलें. १२ वाजून ४० मिनिटांनीं ते फाटकांतून आंत गेले व पहाटे ५ वाजून १० मिनिटांनीं बाहेर पडले. तारीख २६, प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. तेव्हां सुट्टीच्या दिवशीं केलेल्या कामाचा अधिक मोबदला मिळेल ही त्यांची अपेक्षा साहजिकच होती. महिनाअखेर पाहतात तों तें सर्व काम २५ तारखेवर पडलेलें! त्या तारखेस त्यांनीं आपली नेहमींची पाळी भरलीच होती. म्हणून हिशेबनिसानें ही दुसरी नोंद चुकून झाली असें समजून ती वगळून टाकली. विचारावयास गेले तेव्हां, संगणकांत जें आहे तें असें आहे, एवढेंच उत्तर मिळालें.

संगणकांत होतें तें असें: आंत, २५ जानेवारी, १९.१०; बाहेर, २५ जानेवारी, २३.४०. मुलानें वडिलांनीं सांगितलेल्या वेळांतून या वेळा वजा करून पाहिल्या. दोन्ही ठिकाणीं बाकी बरोबर ५ तास ३० मिनिटें उरली. या साडेपांच तासांचा उलगडा करावा म्हणून हा लेख आम्हीं लिहावयास घेतला आहे. पिंपरी, भोसरी, निगडी, चाकण या बाजूस असें घर विरळाच, कीं ज्यांतील कोणी ना कोणी पाळीवर जात नाहीं.

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास ४ मिनिटें लागतात, हें आपण भूगोलांत शिकलों आहों. चाकणचा रेखांश ग्रीनिचच्या पूर्वेस ७४ अंशांहून किंचित् कमी आहे. त्या हिशेबानें येथील सूर्याची वेळ ग्रीनिचपुढें सुमारें ४ तास ५५ मिनिटें येते. आपण घड्याळें लावितों तीं मात्र साडेब्यायशी अंशांच्या रेखांशावर. ८२.५ यांस ४ नें गुणिलें असतां ३३० मिनिटें, म्हणजे साडेपांच तास होतात. ग्रीनिचच्या शून्यापासून मोजलेली जी जागतिक वेळ, जिला आज यूटीसी म्हणतात, तिच्या आपण नेहमीं इतके पुढें असतों.

आपल्या आजोबा-पणजोबांस हा घोळ नवा नव्हता. १ जानेवारी १९०६ पासून ही प्रमाण वेळ सरकारनें चालू केली. पण मुंबई शहरानें आपला 'मुंबई टाइम' सोडला नाहीं. तो ग्रीनिचपुढें ४ तास ५१ मिनिटें, अर्थात् प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटें मागें. त्याच जानेवारींत मुंबईच्या गिरणी कामगारांनीं नव्या वेळेविरुद्ध कामहि बंद ठेविलें. कारण घड्याळ ३९ मिनिटें पुढें सरकलें कीं गरिबास तितकेंच लवकर, अंधारांत, घर सोडावें लागे. मुंबई टाइम मागें राहिला तो थेट १९५५ पर्यंत. आगगाडी एका वेळेनें चाले व शहर दुसऱ्या वेळेनें. म्हणूनच जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्तापुढें 'स्टँ. टा.' हीं अक्षरें आढळतात. नऊ वाजून पांच मिनिटें एवढें छापून भागत नसे. ते कोणाच्या घड्याळाचे नऊ, हेंहि सांगावें लागे. आमच्या मतें टाइम झोन या शब्दाचा सगळा अर्थ त्या अक्षरांत आलेला आहे.

आतां संगणकाकडे वळूं. हजेरी, मालाची आवक, तयार गाडीचा क्रमांक, हें सर्व ज्या भांडारांत ठेवितात त्यास रिलेशनल डेटाबेस म्हणतात. त्याची कल्पना एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडली. त्याचें रूप आपल्या हजेरीपटासारखेंच आहे: आडव्या ओळी व उभे रकाने. फरक इतकाच कीं, हजेरीपटाच्या रकान्यांत गुरुजी वाटेल तें लिहूं शकतात. येथें प्रत्येक रकान्यांत कोणत्या जातीची वस्तु राहील तें आधींच जाहीर करावें लागतें.

वेळेच्या मुख्य जाती दोन. एक क्षणाची. ज्या क्षणीं चाकणच्या फाटकावर हजेरी लागली, त्या क्षणीं बर्लिनच्या भिंतीवरील घड्याळ निराळें कांहीं दाखवीत होतें. पण क्षण एकच. दुसरी जात घड्याळाच्या वाचनाची. कांटे कोठें होते एवढेंच तींत लिहिलेलें असतें. घड्याळ कोणत्या गांवचें, याचा पत्ता नसतो. 'स्टँ. टा.' गळलेली लग्नपत्रिका ती हीच.

पोस्टग्रेस नांवाच्या प्रसिद्ध डेटाबेसांत पहिलीस 'टाइमस्टँप विथ टाइम झोन' व दुसरीस 'टाइमस्टँप विदाउट टाइम झोन' म्हणतात. पहिलें नांव वाचून कोणासहि वाटेल कीं, वेळेबरोबर तिचा झोनहि जपून ठेविला जात असेल. तसें मुळींच नाहीं. आंत जातांना त्या वेळेचें यूटीसींत रूपांतर होतें, मूळ झोन टाकून दिला जातो, आणि बाहेर काढतांना विचारणाऱ्याच्या झोनाप्रमाणें ती पुन्हां बदलून समोर येते. ओरॅकल या डेटाबेसांत याच नांवाच्या जातींत झोनहि शिल्लक राहतो. मायएसक्यूएलमध्यें 'टाइमस्टँप' हा क्षण आणि 'डेटटाइम' हें नुसतें वाचन. नांव तेंच व गुण निराळे, असा प्रकार असल्यामुळें ज्या डेटाबेसाशीं गांठ पडेल त्याचें पुस्तक आधीं उघडून पाहावें हें बरें.

आतां त्या कारखान्यांत काय झालें तें कळेल. तेथील संगणकाचें घड्याळ यूटीसीवर लाविलेलें होतें. यांत गैर कांहींच नाहीं. पुष्कळ ठिकाणीं मुद्दाम तसेंच करितात. पण ती वेळ ज्या रकान्यांत जात होती तो दुसऱ्या जातीचा. १९.१० हें ग्रीनिचचें वाचन, आणि त्यावर तसा शिक्का नाहीं. पगाराचा कागद तयार करणाऱ्यानें तें चाकणचें वाचन समजून त्यांतून तारीख काढून घेतली. कागदावर फक्त तारीख व एकूण तास छापले जात. सकाळीं सातला आलेल्या माणसाची यूटीसीची तारीखहि तीच असल्यामुळें दिवसपाळीच्या कोणास कांहीं जाणवलें नाहीं. चुकीचा भुर्दंड पडे तो रात्रीं बारा ते पहाटे साडेपांच या वेळांत कामावर येणाऱ्यांस, आणि त्यांची संख्या थोडी असल्यानें तक्रारीहि थोड्या.

उपाय लहानसा होता. आधीं त्या वाचनास तें यूटीसीचें आहे असें सांगून त्याचा क्षण करावयाचा. मग तो क्षण भारताच्या घड्याळांत आणावयाचा. आणि त्यानंतरच तारीख काढावयाची. पोस्टग्रेसमध्यें हीं दोन्ही कामें 'अ‍ॅट टाइम झोन' हेच शब्द करितात. वाचनास लाविले तर क्षण मिळतो, क्षणास लाविले तर वाचन. आम्हीं हें प्रथम करून पाहिलें तेव्हां तीन वेळां उलटें केलें, हें कबूल केलेलें बरें. असो, दुरुस्ती झाली व त्या गृहस्थांस त्यांचे पैसे पुढील महिन्यांत मिळाले.

भारताच्या घड्याळास डेटाबेसांत नांव आहे 'एशिया/कोलकाता'. आमचीं मुलें विचारतात, पुणें कां नाहीं? जेथील घड्याळें १९७० पासून एकसारखीं चालत आलीं अशा प्रदेशास एका शहराचें नांव, अशी त्या जागतिक यादीची रीत आहे, व आपल्या वांट्यास कोलकाता आलें. नुसतें 'अधिक साडेपांच' लिहिण्यापेक्षां हें नांव लिहिणें चांगलें, कारण त्या नांवामागें इतिहास साठविलेला आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारताचीं घड्याळें आणखी एक तास पुढें होतीं. ही गोष्ट या यादीस ठाऊक आहे, साडेपांचाच्या आंकड्यास नाहीं. 'आयएसटी' हीं अक्षरें मात्र टाळावींच. इस्रायल व आयर्लंड हे देशहि तींच वापरतात. पोस्टग्रेसच्या मूळ यादींत त्यांचा अर्थ अनेक वर्षें इस्रायलची वेळ असाच होता, आणि ती आपल्यामागें साडेतीन तास!

आपल्या देशाचीं घड्याळें वर्षभर हालत नाहींत, म्हणून झोन म्हणजे एक कायमचा आंकडा असें आपणांस वाटूं लागतें. चाकणांत जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत. त्यांच्या देशांत मार्चच्या शेवटच्या रविवारीं घड्याळ एक तास पुढें व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं एक तास मागें करितात. २६ ऑक्टोबर २०२५ रोजीं तेथें पहाटेचे तीन वाजतांच घड्याळ पुन्हां दोनवर आणलें गेलें. समजा, त्या पहाटे जर्मनींतील एका यंत्रानें २.५० वाजतां बिघाडाची सूचना धाडिली व वीस मिनिटांनीं दुरुस्तीची. दुसरीवर वेळ पडली २.१०. चाकणच्या घड्याळाप्रमाणें पहिली ६.२० ला आली व दुसरी ६.४० ला, पण ज्या रकान्यांत केवळ वाचन आहे तेथें दुरुस्ती आधीं व बिघाड नंतर, असाच क्रम लागणार.

यावरून सर्व वेळा क्षण म्हणूनच ठेवाव्या असें कोणी म्हणेल. घडून गेलेल्या गोष्टींपुरतें तें खरें आहे. पुढें ठरविलेल्या गोष्टींस तें लागू पडत नाहीं. चाकणच्या फोक्सवागन कारखान्यांतून मेक्सिकोस गाड्या जातात, म्हणून तेथलेंच उदाहरण घेऊं. मेक्सिकोंतील एका व्यापाऱ्यानें २०२२ च्या आरंभीं पुढील वर्षाच्या १० मेला सकाळीं ९ वाजतां बोलावयाचें ठरविलें असें समजा. उन्हाळ्यांत तेथें घड्याळ पुढें करीत असत. त्या नियमानें तो क्षण यूटीसीचे १४.००, आपले सायंकाळचे ७.३०. रकान्यांत क्षण लिहिला गेला. पुढें ऑक्टोबर २०२२ मध्यें मेक्सिकोनें बहुतेक प्रदेशांतून ही उन्हाळी वेळच काढून टाकली. आतां तेथील ९ म्हणजे आपले ८.३०. क्षण जपून ठेवणारा चाकणचा माणूस साडेसातला बसून वाट पाहणार, आणि तिकडे जेमतेम आठ वाजलेले! माणसांनीं कबूल केलें होतें तें घड्याळाचे नऊ. अशा वेळीं वाचन एका रकान्यांत व शहराचें नांव दुसऱ्या रकान्यांत ठेवावें, आणि क्षण वेळ येईल तेव्हां काढावा.

पाळीवाल्यांसाठीं आणखी एक गोष्ट उरते, ती म्हणजे दिवस. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ५७ व्या कलमांत असें होतें कीं, पाळी मध्यरात्र ओलांडून गेली तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसांत धरावे. हा दिवस घड्याळांतून काढतां येत नाहीं, यूटीसींतून तर नाहींच. म्हणून 'पाळीची तारीख' हा रकाना स्वतंत्रच असावा. आरंभीं सांगितलेल्या गृहस्थांचें काम रात्रपाळीचें नव्हतें. सुट्टी लागल्यावर निराळें बोलावून घेतलेलें होतें, म्हणून तें २६ तारखेचेंच.

वाचकांनीं एक उदाहरण स्वतः सोडवून पाहावें. एक कामगार ३१ मार्च २०२५ रोजीं रात्रीं ११ वाजतां आंत गेला व १ एप्रिलला सकाळीं ७ वाजतां बाहेर आला. मध्यंतरीं, रात्रीं २.१५ वाजतां, त्याच्या हातून एका गाडीवर क्रमांक पडला. यूटीसीच्या रकान्यांत काय लिहिलें जाईल, कामगाराचे तास कोणत्या तारखेचे, व गाडी कोणत्या आर्थिक वर्षांतील?

उत्तर: आंत ३१ मार्च, १७.३०, गाडी ३१ मार्च, २०.४५; बाहेर १ एप्रिल, १.३०. कामगाराचे सर्व तास ३१ मार्चचे. गाडी १ एप्रिलची, म्हणून नव्या वर्षाची.